दिवे लागल्यावर फक्त अस्तर

दिवे लागले की ते अस्तराशिवाय काहीही विकत नसत.

हिंदमात्याच्या कापडबाजारातलं ते एक मॅचिंग सेंटर. अरुंद, लांबट दुकान, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ब्लाउजच्या कापडाचे तागे रंगांच्या क्रमाने लावलेले. दाराशी पांढरे सुरू व्हायचे आणि अगदी शेवटी, जिथे पंख्याचा वाराही पोचत नसे, तिथे काळे. आपली साडी घेऊन जायचं आणि तिच्या रंगाचं ब्लाउजचं कापड कापून आणायचं, एवढंच तिथलं काम. ते काम तिथले जुने विक्रेते, काका, करत. संध्याकाळी शेठनी ट्यूबलाइट लावली की काका हातातला लोखंडी गज फळीवर आडवा ठेवत आणि समोरची बाई कितीही घाईत असली तरी तिला सांगत, "रंग आता उद्या. अस्तर हवं तर देतो."

शेठ कपाळाला हात लावायचे. "काका, गिऱ्हाईक जा रहा है!"

"जाऊ दे. उद्या येईल. आज चुकीचं नेलं तर परत कधीच येणार नाही."

माझी नि त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी तेवीस वर्षांची, परळला एका काचेच्या इमारतीत नवी नोकरी, आणि एका कुर्त्यावर ओढणी हवी होती. "अहो, मला उद्याच घालायचीय," मी म्हणाले. "मग उद्या चुकीची घालाल," ते म्हणाले आणि शांतपणे कुणाचं तरी अस्तर फाडायला लागले. मी इतकी चिडले की लालबागला घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. आणि शनिवारी सकाळी पुन्हा तिथेच हजर. का, ते आजही सांगता येणार नाही.

तसंही माझा शनिवार बाजारातच जायचा. खरेदीचं मला वेड होतं, आणि ते मी लपवणार नाही. हिंदमात्यापासून सुरुवात करायची, दादरच्या पुलावरून पश्चिमेला उतरायचं, रानडे रोडच्या दोन्ही बाजू पालथ्या घालायच्या आणि पायात जीव उरला तर लोकलने चर्चगेटकडच्या रस्त्यावरच्या कपड्यांच्या रांगांपर्यंत जायचं. हँगरवरचे कपडे वाऱ्याने हलायचे आणि त्यांच्यामधून मी झोपेत चालल्यासारखी चालायचे. प्रत्येक कपड्यात मला एक बाई दिसायची. पांढऱ्या लिननच्या शर्टात एक होती, ती बिनसाखरेची कॉफी प्यायची आणि फोन वाजला तरी उचलायची घाई करायची नाही. निळ्या छापाच्या लांब झग्यात दुसरी, कानात चांदीचे डूल, समुद्राकाठी घर. कपडा मी त्या बाईसाठी घ्यायचे. घरी येऊन पिशवी उघडली की आत नुसता कपडा असायचा, बाई दुकानातच राहिलेली. मग पुढचा शनिवार.

आमच्या दोन खोल्यांतलं माझ्या वाट्याचं अर्धं कपाट कधीच भरलं होतं. दार उघडलं की कपडे अंगावर यायचे. आई म्हणायची, "एवढा सगळा आसा आणि रोज सकाळी 'काय घालू' म्हणान रडतंस." खोटं नव्हतं. मी रोज नीटनेटकी दिसायचे आणि रोज दुसऱ्या कुणासारखी तरी दिसायचे.

तर त्या शनिवारी काकांनी माझा कुर्ता हातात घेतला, फळीवरून दोन ओढण्या ओढल्या आणि दुकानाबाहेर चालते झाले. मला वाटलं, हे निघाले कुठे! दुकानात आरसा नव्हताच. बाहेर फुटपाथवर एक फरशी होती, तिच्यावर सकाळी अकरा ते एक स्वच्छ ऊन यायचं. काकांची ती जागा. शेजारचा केळीवालाही त्या फरशीवर टोपली ठेवत नसे. तिथे उभं राहून काकांनी ओढणी कुर्त्यावर धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नाही जमलं." दुसरी धरली. पुन्हा डोळे बारीक. "जमलं." बस. एवढे दोनच निकाल त्यांच्या कोर्टात होते, आणि अपील नव्हतं.

मला दोन्ही ओढण्या सारख्याच दिसत होत्या. तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "घाई करतेस. कापडाकडे बघताना कापडाकडेच बघायचं. अंगावर कसं दिसेल ते नंतर."

मी बघत राहिले. ऊन मानेवर चढत होतं, मागून बसवाले नि टॅक्सीवाले भोंगे वाजवत होते, आणि एकाएकी त्यातल्या एका ओढणीत मला थोडा तांबूसपणा दिसला. आधी तो नव्हताच. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याही नव्या कपड्याने झाला नव्हता.

मग मी दर शनिवारी जाऊ लागले, काही घ्यायचं असो वा नसो. माझं गाव मालवणकडचं हे कळल्यावर 'ताई'ची 'गो' झाले.

काका कायम पांढऱ्या शर्टात. रंगीत शर्ट घातला तर त्याची झाक हातातल्या कापडावर पडते, असं त्यांचं म्हणणं. त्या शर्टाला नीळ लावायलाही घरी बंदी होती. फोनवर साडीचा फोटो दाखवणाऱ्या बाईला ते परत पाठवायचे. "हा रंग फोनचा आहे, साडीचा नाही." पण साडी घरी विसरून आलेल्या बाईवर मात्र त्यांचा जीव. तिला समोर बसवून उलटतपासणी घ्यायचे.

"रंग कुठला?"

"वांगी."

"भरताचं वांगं की भरल्या वांग्याचं?"

"अं... भरल्या."

"देठाजवळचा की पोटाचा?"

बाई डोळे मिटून आठवायला लागायची, आणि काका ताग्यावर हात ठेवून वाट बघायचे. दुसऱ्या दिवशी ती बाई साडी घेऊन खात्री करायला यायची आणि कापड हुबेहूब निघायचं. रंगांची पुस्तकी नावं त्यांना मान्य नव्हती. त्यांच्याकडे रे रोडच्या वखारीतला ताज्या भुशाचा रंग होता, शीव कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलाचा दुसऱ्या दिवशीचा रंग होता. शेठ एकदा नवीन बाईला 'बेज' म्हणाले, तर काकांनी मान फिरवली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते एखादा ताग्यांच्या तळाशी दडपलेला तागा काढायचे आणि फरशीवर जाऊन दोन हात कापड उलगडून नुसते उभे राहायचे. एकदा मी विचारलं, कुणासाठी काढलाय? "कुणासाठी नाही. दोन महिने झाले, याला कोणी विचारलेलं नाही. जरा ऊन दाखवतो." मळकट गुलाबी होता तो. उन्हात धरल्यावर मळ निघून गेल्यासारखा झाला. मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होते. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या वेळा मोजायला बसले तर ती दुपार त्यात धरावी लागेल.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, मला कुठला रंग शोभेल?"

"ता माझा काम न्हय गो," ते एकदम गावच्या बोलीत म्हणाले. "मी कापडाक कापड जुळवतंय. माणसाक कापड ज्याचा त्यानं जुळवचा."

मी रुसले. पण त्या वर्षात माझी खरेदी हळूहळू बदलली. कपड्यातल्या बायका दिसायच्या थांबल्या आणि कपडा दिसायला लागला. आणि दिवाळीच्या आधी एका दुकानाच्या ढिगात मला ती साडी मिळाली. सुती, निळसर राखाडी, काठ नसल्यासारखा बारीक. ढीग उपसताना मी हात त्या साडीवर ठेवला तो काढलाच नाही. बरोबर मैत्रीण नव्हती, मनात कुठली बाई नव्हती. दुकानदाराला म्हटलं, थांबा, आणि साडी घेऊन दाराबाहेर उन्हात गेले. तो बघतच राहिला. माझ्या स्वतःच्या नजरेने घेतलेली ती पहिली वस्तू.

तशीच ती घेऊन मी काकांकडे आले. त्या दिवसांत काकांची घरी कुरकुर चाललेली. बायको शर्ट नीट धूत नाही, पांढरे शर्ट पिवळट पडतात, म्हणून आता ते स्वतःच शर्टाला नीळ घालत होते. त्या दिवशीचा शर्ट तर अशी निळी झाक मारत होता की शेठ म्हणाले, "काका, स्वीमिंग पूल में गिरे क्या?" सगळे हसले. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

काकांनी साडी हातात घेतली, अंगठ्याने चोळली. "चांगली घेतलीस. कोण होता बरोबर?"

"कोणी नाही."

ते खूश झाले, खूपच. फळीवरून एक तागा काढला, फरशीवर गेले, साडीवर धरला, डोळे बारीक केले. "जमलं."

कापड हिरवं होतं. शेवाळी हिरवं. साडी निळी आणि कापड हिरवं, आणि वर अकरा वाजताचं लख्ख ऊन. मी एकदा कापडाकडे बघितलं, एकदा काकांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. मनात आलं, माझीच नजर कच्ची असणार. वर्षभर ज्याने बघायला शिकवलं त्याला मी काय सांगायचं? "हो काका," मी म्हणाले आणि त्यांनी गजाने मोजून कापड फाडून दिलं.

घरी आईने दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. "निळ्यार हिरवा कोण घालता गो? मोर दिसतलंस. डोळे खंय होते तुझे?"

माझे डोळे जागेवर होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर नीळ घातलेला तो शर्ट आठवला आणि मी उठून बसले. त्यांना पांढरं पिवळं दिसत होतं. निळं हिरवं दिसत होतं. काकांचे डोळे गेले होते आणि काकांना ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. त्या माणसाजवळ नजरेशिवाय दुसरं होतं काय? ती गेली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? मी ब्लाउज शिवून घेतला आणि ऑफिसच्या दिवाळीला तीच साडी नेसले. प्रायश्चित्त म्हणून नेसले खरं तर. पण जिन्याच्या खिडकीपाशी उन्हात माझं मलाच दिसलं आणि मी थबकले. राखाडी निळ्याशेजारी तो शेवाळी रंग असा काही बसला होता की दोन्ही रंग एकमेकांना जागे करत होते. ऑफिसातल्या मुली विचारायला लागल्या, कुठून सुचलं गं? कॉन्ट्रास्ट काय मस्त आहे! त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणासारखीही दिसत नव्हते. नंतर मी तशीच जोडत गेले, जिथे दोन रंग भांडतील असं वाटे तिथे मुद्दाम थांबून बघायचे. आज लोक ज्याला माझी स्टाइल म्हणतात ती तिथे सुरू झाली. काकांच्या बिघडलेल्या डोळ्यांवर माझं चांगभलं झालं, आणि मी गप्प बसले.

गुढीपाडव्याच्या आठवडाभर आधी, शनिवारी मी नेहमीसारखी दुकानात असताना, गिरगावातल्या पाच बायका आत शिरल्या, हातात मोठं बोचकं. शोभायात्रेसाठी चाळीस जणींनी एकसारख्या जांभळ्या साड्या घेतल्या होत्या आणि त्यांच्यावरचं ब्लाउजचं कापड काकांनी दिलं होतं. पुढारी बाईंनी बोचकं सोडलं. चाळीस शिवलेले ब्लाउज, सगळे चॉकलेटी.

"अहो, घेताना बघितलं नाहीत?" शेठनी विचारलं.

"बघितलं की! मला तेव्हाच वेगळं वाटलं. पण हे म्हणाले जमलं, मग आपण कोण बोलणार? शिंपी म्हणाला, फॅशन असेल."

काका एक ब्लाउज आणि साडी उचलून फरशीवर गेले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी ब्लाउज साडीवर धरला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"जमलंय की."

"काय जमलंय?" बाई कडाडल्या. "आम्ही चाळीस जणी मिरवणुकीत चॉकलेटं होऊन फिरायचं?"

शेठ हळूच म्हणाले, "काका, जरा बराबर देखो." काकांनी पुन्हा बघितलं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हिला विचारा. हिची नजर मी तयार केलीय. सांग गो, जमलं की नाही?"

मला वाटलं, ही फरशी आता फाटून मला आत घेईल तर बरं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही जमलं, काका."

त्यांनी मान हलवली. ब्लाउजची नीट घडी घातली, इतक्या निगुतीने की बायकाही गप्प झाल्या. मग माझ्याजवळ येऊन फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "आणि तुझं? दिवाळीतलं?"

"ते जमलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. दुकानात जाऊन गज फळीवर आडवा ठेवला. बाहेर भर दुपार होती, दिवे लागायला अजून कितीतरी तास होते. "शेठ, येतो," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. तो रात्री नऊपर्यंत सगळे रंग विकतो.

ते नायगावला बीडीडी चाळीत राहतात एवढं मला माहीत होतं. एकदा तिथपर्यंत गेलेही. त्यांची चाळ रिकामी झालेली होती, पुनर्विकासासाठी पत्रे ठोकलेले. माणसं कुठे कुठे पांगली होती. कुणाला विचारलं असतं तर पत्ता मिळाला असता. खरं सांगायचं तर पत्रे बघून मला बरंच वाटलं. मी दिवाळीत बोलले असते तर पाडव्यापर्यंत त्यांचे डोळे दुरुस्त होऊन ते त्या फरशीवर उभे असते. हे मला रोज माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर उभं राहून ते कबूल करायची हिंमत नव्हती.

दसऱ्याला सकाळी मी दादरच्या फूलबाजारात झेंडू घ्यायला गेले. महत्त्वाच्या दिवशी नेसायची म्हणून अंगावर तीच साडी, तोच ब्लाउज. पुलाखालच्या सावलीत झेंडूचे ढीगच्या ढीग होते, आणि सगळ्या पिवळ्याकेशरीमधून एक झगझगीत निळा शर्ट माझ्याकडे येत होता. शर्ट जवळ आल्यावर मला वरचा चेहरा दिसला.

"काय गो!"

काका. मोतीबिंदू काढला होता, दोन्ही डोळ्यांचा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा पदर धरला, काही न विचारता मला पुलाखालून बाहेर उन्हात नेलं आणि पदर ब्लाउजच्या बाहीवर ठेवला. त्यांना आता डोळे बारीक करावे लागले नाहीत.

"हे मी दिलेलं?"

"हो."

"जमलं होतं म्हणालीस."

मी झेंडूची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी डॉक्टरांना सांगितलं, दिवाळीपर्यंत माझे डोळे ठणठणीत होते. एक पोर साक्षीला आहे, म्हटलं." ते चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. "त्या दिवशी मी विश्वास ठेवला तो तुझ्या एकटीच्या शब्दावर. आणि तूसुद्धा अर्धंच बोललीस."

"चुकले, काका. मला तेव्हाच दिसलं होतं. मी बोलले असते तर तुमची जागा गेली नसती." माझे डोळे भरून आले आणि झेंडू, माणसं, काका सगळं एक झालं.

ते काही वेळ पदराकडेच बघत होते. "मी शुद्धीत असतो तर हे जन्मात दिलं नसतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग पदर सोडला, दोन पावलं मागे सरकले आणि हात अंगाला लावून शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले.

"आता माझा बघ. इतक्या वर्षांत पहिला रंगीत शर्ट. ऑपरेशननंतर पट्टी काढली आणि पहिल्यांदा निळा दिसला, गो. काय दिसला सांगू! तसाच जाऊन हा शर्ट घेतला. सांग."

त्यांचा चेहरा लहान पोराएवढा उत्सुक होता. तो निळा त्यांच्या सावळ्या रंगाला खाऊन टाकत होता. चेहरा दिसण्याआधी शर्टच दिसत होता. छान आहे म्हणायला मला अर्धा क्षण लागला असता. मी घाई केली नाही. उन्हात उभी राहून नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"नाही जमलं, काका. याच्यात थोडा राखाडी हवा."

त्यांनी मान खाली घालून शर्टाकडे बघितलं, बाही ओढून बघितली. "मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले. "घरात सगळे छान म्हणत होते."

मग आकाशाकडे बघून त्यांनी वेळेचा अंदाज घेतला आणि माझ्या हातातली झेंडूची पिशवी स्वतःकडे घेतली.

"चल, बदलून आणू. ऊन आहे तोवर."